पदर बाहेर सोड

सह्याद्रीच्या कुशीत उंबरझरी नावाचं लहानसं गाव आहे. वेशीवर जुना उंबर, त्याला दगडी पार, आणि त्या पारावर केरोबा महाराजांचा मुक्काम. महाराज फार बोलत नसत. दिवसातून दोन-चार वाक्यं बोलले तरी लोक म्हणत, आज स्वारी खुशीत आहे. आणि गावाचा रिवाज असा, की महाराजांनी एकदा सांगितलं की पुन्हा विचारायचं नाही. समजलं तेवढं घ्यायचं आणि कामाला लागायचं.

तो पार रोज उजाडता उजाडता झाडून त्यावर सडा घालणारी बाई म्हणजे ठकूबाई. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. तिचा सगळा संसार कोंबड्यांवर चालायचा. पण डोंगरातले कोल्हे खाली उतरू लागले आणि वर्षभरात पंचवीस कोंबड्यांच्या सात उरल्या. त्यातली एक खुडूक होऊन अकरा अंड्यांवर बसलेली. भावाने लांबच्या गावाहून निरोप धाडला होता, "आता येवढ्याबी गेल्या की मी गाडी घिऊन येतो. मग न्हाई म्हणायचं न्हाई."

भाऊ वाईट नव्हता हो! पण भावाकडे जायचं म्हणजे पार सुटला, महाराज अंतरले. सात कोंबड्या वाचवणं म्हणजे तिच्यासाठी गावात राहणंच होतं.

त्याच सुमारास गावातल्या दूध संस्थेने आवाराला दगडी भिंत घातली आणि जुनं तारेचं कुंपण उपटून मागे टाकून दिलं. ठकूबाई विचारायला गेली. "न्या की मावशी, आमाला भंगारच ते," तिथले लोक म्हणाले. तिने गंजकी जाळी चार खेपा करून डोक्यावरून आणली. भोकं पडली होती तिथे तार ओवून ती शिवली, अगदी गोधडीला ठिगळ लावावं तशी. जुन्या मांडवाचे वासे खांब म्हणून रोवले. मोडक्या लोखंडी खाटेची चौकट दाराला लावली आणि त्याच खाटेची नवार वरून आडवी-उभी विणली, म्हणजे घारीची भीती नको. खुराडं मधोमध ठेवलं. जाळी चहू बाजूंना जेमतेम पुरली. वीतभरही उरली नाही.

बांधापलीकडे हैबतराव मोहित्यांचं आवार. पंचक्रोशीतल्या बागांना कुंपणं घालून दिलेला हा माणूस, आणि त्याचा त्यांना भारी ताठा! त्यांनीही त्याच आठवड्यात कोंबड्यांसाठी आवार बांधायला काढलं होतं. पन्नास पांढऱ्या कोंबड्या आणलेल्या, नवीकोरी जाळी, लोखंडी खांब.

"ठकूबाई," ते बांधावरून म्हणाले, "ही काय जाळी म्हणायची का चाळणी? कोल्हा शिंकला तरी पडंल."

"असू द्या अण्णा. हाय त्यात भागवायचं. महाराजांचं ध्यान हाय."

"व्हय, म्हाराज येत्याल काठी घिऊन राखणीला!" हैबतराव मोठ्याने हसले. त्यांचे दोन्ही गडीही हसले.

ठकूबाईने मान खाली घातली आणि तारेचा पीळ आवळत राहिली. खोटं कशाला सांगू, तिला लागलं ते. डोळे भरून आले होते.

तेवढ्यात महाराजच बांधावरून येताना दिसले. दोन्ही आवारांच्या मधोमध थांबले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, काठीने जाळीच्या बुडाशी टोचलं आणि म्हणाले, "पदर बाहेर सोडा. हातभर. वर धोंडे ठेवा." एवढं बोलून निघून गेले.

हैबतराव नुसते गालात हसले. ठकूबाई मात्र घरात गेली आणि कपड्यांच्या पेटीपुढे बसून राहिली. पदर बाहेर सोडायचा, हातभर, वर धोंडे ठेवायचे. म्हणजे काय करायचं? पुन्हा विचारायची तर सोय नाही. तिच्याजवळ दोनच लुगडी होती. एक अंगावर, दुसरं नवऱ्याने शेवटच्या दिवाळीला आणलेलं, हिरवं, घडीघडीला विरलेलं. ते तिने आजवर जपून ठेवलं होतं. तिने ते छातीशी धरलं, मग उठली आणि उभंच्या उभं फाडून दोन पट्ट्या केल्या. आवाराच्या बाहेरून, जाळीला लागून, जमिनीवर चहू बाजूंना पसरल्या. बरोबर पुरल्या! वर ओढ्यातले धोंडे आणून ठेवले.

हैबतरावांनी ते पाहिलं मात्र, आणि पोट धरून हसले. "आरं बघा रं! ठकूबाईनं कोल्ह्याला लुगडं नेसवलंय!"

दुपारपर्यंत अख्ख्या गावाला ही बातमी झाली. पाणवठ्यावर बायकासुद्धा तोंडाला पदर लावून हसत होत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीप्रमाणे पारावर झाडत होती. नुकतं फटफटलं होतं. तोच वस्तीकडून कोल्ह्यांची कोल्हेकुई ऐकू आली आणि पाठोपाठ कोंबड्यांचा एकच कलकलाट उठला. कुणीतरी ओरडलं, "कोल्हं आलं रं! मोहित्यांच्या बांधाला!"

ठकूबाईने बादली खाली ठेवली. तिने महाराजांकडे पाहिलं.

"सडा अर्धा राहिलाय," महाराज म्हणाले.

काय वाटलं असेल त्या माउलीला! पण तिने ओठ घट्ट मिटले आणि उरलेला सडा घातला. डोळ्यांतलं पाणी सड्यात मिसळत होतं, हात मात्र थांबला नाही. शेवटची ओंजळ शिंपडून झाली तसे महाराज उठले. "चल," म्हणाले.

बांधावर माणसं गोळा झाली होती. हैबतरावांच्या आवारात पांढऱ्या पिसांचा खच. जाळीला कुठे खरचटलंसुद्धा नव्हतं. कोल्ह्यांनी जाळीच्या अगदी बुडाशी उकरून खालून वाट केली होती. पन्नासातल्या चार कोंबड्या कोपऱ्यात थरथरत उभ्या होत्या. हैबतराव खड्ड्यापाशी डोक्याला हात लावून बसले होते.

ठकूबाई धावत आपल्या आवारापाशी गेली. सगळीकडे कोल्ह्यांची पावलं. हिरव्या पट्ट्यांवर चिखलाने भरलेल्या नखांचे ओरखडेच ओरखडे. जिथे म्हणून कोल्हा जाळीला भिडला, तिथे त्याने पायाखालचं लुगडंच उकरलं होतं. पण सूत तुटलं नव्हतं, धोंडा हलला नव्हता. आत सहा कोंबड्या दाणे टिपत होत्या. सातवी अंड्यांवर तशीच बसलेली होती, आणि तिच्या पंखाखालून बारीक चिवचिव येत होती.

"आसं कसं व्हईल?" हैबतराव पुढे आले. त्यांनी पट्टीचं एक टोक चिमटीत धरून जरासं ओढलं. भाजलेल्या पापडासारखं ते त्यांच्या हातात तुटून आलं. ते एकदा त्या चिंधीकडे बघत, एकदा नखांच्या ओरखड्यांकडे.

महाराज वाकून पट्ट्या निरखत होते. एकाएकी ते खदाखदा हसू लागले. महाराजांना असं हसताना कुणी पाहिलं नव्हतं.

"अगं ठके, हे काय करून बसलीस! मी जाळीचा पदर म्हणालो होतो. जाळी बुडाशी बाहेर मुडपायची आणि जमिनीवर पसरायची. कोल्हा कडेलाच उकरतो, खाली जाळी लागली की कंटाळून जातो. लुगड्याचा पदर कुणी सांगितला होता तुला?"

ठकूबाईने जीभ चावली. "चुकले देवा! मला आपलं पदर म्हंजी लुगड्याचाच ठावा."

"चुकीचं ऐकलंस," महाराज म्हणाले, "पण ऐकलंस. देवाला तेवढं पुरलं." मग ते मागे वळले. "अण्णा, तुम्हाला काय ऐकू आलं होतं?"

हैबतरावांनी मान खाली घातली. "जाळीचाच पदर, म्हाराज. मला बराबर समजलं हुतं. मी बागांना कैकदा घातलाय तसा. पर म्हटलं, आता ह्या गोसाव्याकडनं मी कुंपण शिकू व्हय?"

"जाळी उरली होती का?"

"उरलीय. आख्खं भेंडोळं पडलंय घरात."

एवढं बोलून त्यांनी फेटा काढला आणि महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. महाराजांनी त्यांना उठवलं आणि नुसतं ठकूबाईच्या आवाराकडे बोट दाखवलं.

हैबतराव समजले. घरातलं भेंडोळं खांद्यावर घालून त्यांनी स्वतः आणलं. गड्यांना हात लावू दिला नाही. आधी ठकूबाईच्या आवाराला चहू बाजूंनी नव्या जाळीचा पदर घातला, हातभर, आणि एकेक धोंडा वाकून वाकून बसवला. हिरव्या पट्ट्या मात्र त्यांनी अलगद गोळा केल्या, नीट घडी केली, आणि ज्या बाईला सारं गाव हसलं होतं तिच्यापुढे धरून ते तिच्या पायांशी वाकले.

"आवं अण्णा, उठा, ह्ये काय!" ठकूबाई गडबडून मागे सरली.

"राहू दे गं," महाराज म्हणाले. "आज त्यांना नीट ऐकू आलंय."