बोट आणि कणी

“पण बाबा, तुम्ही स्वतः पाहिलंय का त्या वरच्याला?”

करीमशा फकीर चिंचेखाली बसून कफनीला ठिगळ लावत होते. त्यांनी सुईत दोरा ओवला, गाठ मारली, आणि पुन्हा शिवायला लागले.

“एकदा हो म्हणा, नाही तर नाही म्हणा,” जालिंदर म्हणाला. “दुआ मागायला आलोय. ती पोचते की नाही, एवढं तरी कळू द्या की माणसाला!”

असा हा जालिंदर. बाजारातून माठ आणला तरी दहा ठिकाणी ठोकून बघणार. दर गुरुवारी फकिराच्या या तकियावर, चिंचेखाली यायचा, हाच प्रश्न विचारायचा आणि उत्तर न घेता फुरंगटून परत जायचा. फकीरबाबांना त्याची सवय झाली होती. खरं तर त्यांचं त्याच्यावर भारी प्रेम होतं.

“दुआ कशासाठी?” बाबांनी विचारलं.

जालिंदर त्यांच्यापुढं उकिडवा बसला.

“पिल्लं खात नाहीत, बाबा.”

…

मानमोडीच्या साथीत सुगंधाच्या सगळ्या कोंबड्या गेल्या होत्या. सुगंधा म्हणजे जालिंदरची बायको. तिच्या माहेरच्या त्या काळ्याभोर, तुरेवाल्या कोंबड्या. तशी जात पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाकडे नव्हती. साथ यायच्या आधी काढून ठेवलेली टोपलीभर अंडी तेवढी उरली, आणि ती उबवायला खुडूक कोंबडी एकही उरली नाही. सुगंधा टोपलीपाशी बसून रडत होती, तेव्हा हा म्हणाला होता, “रडू नकोस. कोंबडीवाचून काही अडत नाही. मी आहे.”

आणि खरंच, पठ्ठ्यानं जुन्या कपाटाचं यंत्र केलं! अंडी उबवली. काळीभोर पिल्लं बाहेर आली. सुगंधानं शेजारीपाजारी साखर वाटली.

आता ती पिल्लं समोर दाणा असून उपाशी होती.

“चल,” बाबा म्हणाले. सुई कफनीला तशीच टोचून ते उठले.

…

जालिंदरनं घरामागं बांधलेली खोली बघण्यासारखी होती. पूर्वेला जाळीची खिडकी. दाराला आणखी एक दार. उंबऱ्याशी चुन्याच्या पाण्याचं घमेलं, पाय बुडवल्याशिवाय आत यायचं नाही. एका अंगाला अंड्यांचं कपाट, दुसऱ्या अंगाला पिल्लांचं घर, आणि पलीकडे पुढं मोठ्या होणाऱ्या कोंबड्यांसाठी वेगवेगळे कप्पे. कोंबडे कुठं राहणार, कोंबड्या अंडी कुठं घालणार, सगळं आधीच ठरलेलं. आजार पुन्हा शिरू नये म्हणून त्यानं सुगंधालाही आत येऊ दिलं नव्हतं. ती बिचारी जाळीला नाक लावून बाहेर उभी होती.

बाबांनी मुकाट्यानं चुन्याच्या पाण्यात पाय बुडवले.

पिल्लं बल्बखाली एकमेकांना चिकटून चिवचिवत होती. कोपऱ्यात चकचकीत स्टीलच्या ताटल्या. त्यात बारीक कणी, पाणी. सगळं जसंच्या तसं.

“यांची आई कुठाय रे?”

“आई कशाला हवी, बाबा?” हे बोलताना एवढ्या काळजीतही जालिंदरची छाती फुगली. “तिची सगळी कामं मी करून ठेवलीत.”

“ऊब?”

“बल्ब आहे.”

“अंडी फिरवायची कुणी?”

“मोटर लावली होती.”

“राखण?”

“जाळी. मुंगूस काय, मुंगीसुद्धा यायची नाही.”

“वा!” बाबा मनापासून म्हणाले. “वा रे गड्या!”

मग ते खाली बसले. बसले म्हणजे, चक्क गुडघ्यांवर आणि कोपरांवर ओणवे झाले, दाढी जमिनीला टेकली. ताटलीतली चिमूटभर कणी त्यांनी पिल्लांपुढं टाकली, बोट वाकडं केलं, आणि कणीत टोचायला लागले.

टक. टक टक. टक.

“टुक टुक टुक…” घशातून हुबेहूब कोंबडीचा आवाज.

जालिंदर आ वासून बघत राहिला.

एका पिल्लानं मान तिरकी केली. दोन पावलं आलं. बोटाकडे बघितलं. मग पहिली चोच मारली, ती बाबांच्या नखावर.

“अगं आई गं!” बाबा हसले. “इथं नाही, बाळा. इथं.”

टक टक.

दुसरी चोच कणीवर बसली.

…

बाहेरून सुगंधा ओरडली, “खाल्लं! अहो, खाल्लं त्यानं!”

“आता तू,” बाबा जालिंदरला म्हणाले.

“मी?”

“आई तूच ना यांची? मघाशी तूच म्हणालास.”

सुगंधाची हाक ऐकून जाळीबाहेर शेजारी गोळा झाले होते. जालिंदरनं त्यांच्याकडे पाहिलं. आपल्या कडक इस्त्रीच्या पँटीकडे पाहिलं. मग पिल्लांकडे पाहिलं. एक पिल्लू डोळे मिटून कलंडायला आलं होतं.

तो धपकन गुडघ्यांवर आला.

“टु… टुक टुक!”

पिल्लं घाबरून पार कोपऱ्यात पळाली. बाहेर हसण्याचा फवारा उडाला.

“अहो, फौजदारासारखं काय बोलावताय!” सुगंधाला राहवलं नाही. ती चुन्याचं पाणी उडवत आत घुसली आणि नवऱ्याशेजारी ओणवी झाली. या वेळी त्यानं तिला अडवलं नाही. “हळू बोलवा. लाडानं. टुक टुक टुक…”

“टुक टुक,” जालिंदर लाडानं म्हणाला. जन्मात पहिल्यांदाच त्याचा आवाज असा मऊ निघाला असेल.

टक टक. टक टक.

पिल्लं आली. एक आलं, म्हणून दुसरं आलं, आणि मग तर झुंबड! कलंडलेल्या पिल्लाची चोच सुगंधानं पाण्यात अलगद बुडवली. त्यानं मान वर केली, घोट गिळला, डोळे उघडले आणि ऐटीत तिच्या बोटांमधून निसटून कणीवर धावलं. सुगंधा हसत होती आणि पदरानं डोळेही पुसत होती. जालिंदर ओणवाच, नाकाला कणी लागलेली, आनंदानं खदखदून हसत होता. साथ आल्यापासून त्या घरात असं हसू ऐकू आलं नव्हतं.

हळूहळू चिवचिव थांबली. भरल्या पोटी पिल्लं बल्बखाली पेंगायला लागली.

…

बाबा उंबऱ्याशी उभे राहून गुडघे झटकत होते.

“बाबा,” जालिंदर आपल्या बोटाकडे बघत म्हणाला, “यानं एक दाणाही खाल्ला नाही.”

“नाही.”

“याला चोच नाही. भूक नाही. आणि यांची पोटं… भरली.”

त्यानं बल्बखाली पेंगणाऱ्या पिल्लांकडे पाहिलं.

…

तो बाबांना पोचवायला बाहेर आला. पण स्वभावाला औषध कुठून आणायचं? चोरासारखा हळूच म्हणाला,

“तरी पण, बाबा… तुम्ही पाहिलंय का त्याला?”

बाबांनी मुठीत चिकटून राहिलेली कणी त्याच्यापुढं जमिनीवर झटकली. वाकून तिच्यात बोट टोचलं. टक टक.

“हे बोट कधी जेवलंय का, असं पिल्लांनी नाही विचारलं,” ते म्हणाले.