प्लग बसला का?

"...आणि परत ढिला झाला तर?"

"तर परत आवळायचा. दुसरं काय करणार, बाबा?" बिरूनं बॉनेटमधून डोकं न काढताच उत्तर दिलं.

मठाचा ट्रक टेकडीच्या निम्म्या चढावर उभा होता. लष्कराच्या लिलावात घेतलेलं जुनं पेट्रोलचं धूड ते. मागं टाकी बसवलेली. खालच्या विहिरीचं पाणी वर मठाला आणि मठाभोवतीच्या वस्तीला पोचवायचं, एवढंच त्याचं काम. पण गेला महिनाभर दर खेपेला इंजिनातला कुठला ना कुठला स्पार्क प्लग ढिला व्हायचा. आज हा, उद्या तो. चढाला लागलं की इंजिन फुसफुसायचं, मिसिंग मारायचं आणि मान टाकायचं.

आज मठाचे गुरू रेवणबाबा बिरूच्या शेजारी बसून वर निघाले होते. त्याचं मन वळवायला आले असणार, असं मठात जो तो म्हणत होता. कारण बिरूनं सकाळीच सांगून टाकलं होतं, ही शेवटची खेप. पाणी उतरवायचं, किल्ली बाबांच्या पायाशी ठेवायची आणि मठ सोडायचा. गाठोडं सीटवर तयार होतं.

बाबांनी मात्र वाटेत त्या गोष्टीचं नावही काढलं नाही. बिरूला त्याचाच राग आला होता. इतकी वर्षं उंबरा झिजवला, निदान 'राहा' एवढं तरी म्हणावं माणसानं.

त्यानं पान्याच्या दांड्यात लोखंडी पाइप घातला आणि होतं नव्हतं ते बळ लावून प्लग पिळला. आतून कर्र असा आवाज आला.

"ह्या हातांनी कसली कसली इंजिनं उघडली, बाबा. मालक लोकं घर हुडकत यायची. आन ह्या बोटभर प्लगांनी नाक कापलं माझं."

"बसला का तो?"

"आवळला की."

"बसला का, विचारतोय."

बिरूनं पाना मडगार्डवर टाकला. मग कपाळ पुसलं.

"मनाचंबी असंच झालंय बघा. ध्यानाला बसलं की ढिलं. म्हणून पहाटेचं उठणं धरलं. तरी ढिलं. मग मीठ सोडलं. अंथरूण सोडलं. मौन धरून बघितलं. जेवढं आवळावं, तेवढं..." त्यानं हात झटकले. "दमलो मी, बाबा. लई दमलो."

खोटं नव्हतं ते. डोळे खोल गेले होते त्याचे.

बाबा सावकाश खाली उतरले.

"काढ तो प्लग. माझ्याकडं दे."

"तापलाय."

"मग निवू दे."

"वर बाया कळशा घेऊन उभ्या असतील."

"रोज असतातच की."

बाबा रस्त्याकडेच्या दगडावर बसले. बिरू उभाच राहिला. एकदा टाकीला हात लावून आला, एकदा टायरला लाथ मारून आला. बसणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

इंजिन निवलं. बिरूनं प्लग काढून बाबांच्या हातावर ठेवला. बाबांना यंत्रातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यात बोटं अशी थरथरत की पाण्याचा तांब्याही दोन हातांनी धरावा लागे. लावू दे म्हाताऱ्याला, बिरू मनात म्हणाला, निदान गंमत तरी होईल.

बाबांनी प्लग भोकाच्या तोंडाशी टेकवला आणि फिरवायला लागले.

"उलटा फिरवताय, बाबा."

"हं."

ते उलटाच फिरवत राहिले. हळू... डोळे मिटून. मग कुठंतरी टक झालं. बाबा थांबले. आणि आता सुलटा फिरवला.

प्लग आत जायला लागला. ना पाना, ना पाइप. दोन थरथरत्या बोटांच्या चिमटीत तो फिरत फिरत गेला आणि तळाला टेकला.

"लोणच्याच्या बरणीचं झाकण मी असंच लावतो," बाबा म्हणाले. "हातात जोर नाही ना."

बिरूनं पाना लावला. पाव फेरा झाला न झाला, प्लग घट्ट. सवयीनं हात पाइपकडं गेला... आणि परत आला.

महिनाभर तो प्लग बसवताना घाईनं पहिल्या आट्यापासूनच पाना लावत होता. आटे एकमेकांत नीट पडायच्या आधीच तिरपे धरायचे. हा त्यांना तसाच पिळत राहायचा, आणि चढाचा हादरा बसला की ते सुटायचे. इतकं साधं. त्याला हसू येईना आणि रडूही येईना.

उरलेले प्लगही त्यानं काढले. उलटे फिरवून, टक ऐकून, बोटांनीच लावले.

ट्रक एका दमात टेकडी चढला.

पाणी उतरलं. बाया कळशा भरून गेल्या. बिरू एका हातात किल्ली आणि एका हातात गाठोडं घेऊन ओसरीवर बाबांपुढं येऊन उभा राहिला. पाय निघत नव्हता, आणि टिकतही नव्हता.

"बाबा, प्लगाचं कळलं. पण मनाचं काय करू? आता कुठलं व्रत धरू, तेवढं सांगा. सांगाल ते करीन."

बाबांनी त्याच्या हातातलं गाठोडं घेतलं. भिंतीला लावून ठेवलं, पाठीला टेकायला येईल असं.

मग शेजारची जमीन तळव्यानं झाडली.

"बस."