वस्ताद पोत्यावर बसले

एकदा एका तालमीत एक वस्ताद होते. हिंदुराव वस्ताद. वय झालेलं, कान कुस्तीनं चुरगळलेले, पण आवाज असा की आखाड्यात नुसते खाकरले तरी रस्त्यावरचा रिक्षावाला ब्रेक दाबायचा. त्यांच्या हाताखाली तयार व्हायला गावोगावचे गडी यायचे. त्यातच एक दिवस आला जोतिराम.

आता जोतिराम म्हणजे काय प्रकरण होतं सांगू! दारातून आत यायचा तर आडवा होऊन यायचा. अंगात ताकद मावत नव्हती, आणि मन मात्र एवढंसं. कोणी जरा वाकडं बोललं की डोळ्यांत पाणी. वस्तादांनी त्याला लाल मातीत उतरवलं, थोडं खेळवलं, खांद्यावर थाप मारली आणि म्हणाले, "राहा." बस्स! गडी हवेत! लगेच घरी फोन. "आई, वस्ताद राहा म्हणाले!"

त्या तालमीची एक पद्धत होती. भांडं एक, पंगत एक. नावाजलेला पैलवान असो की कालचा आलेला, सगळ्यांचा खुराक एकाच पातेल्यातून. वेगळं ताट मागणारा इथं टिकत नाही, असं जुने पैलवान नव्यांना बजावून सांगायचे. आणि त्या पातेल्यात बहुतेक संध्याकाळी असायची सोयाबीनची उसळ. रात्रभर भिजवलेली, मऊ शिजवलेली, वर लसणाची फोडणी आणि कांदा-लसूण मसाला. वस्तादांचा एक जुना चेला आपल्या शेतातली पोती धाडायचा, आणि त्या दाण्यांवर तालमीतले गडी नुसते फुलले होते.

जोतिरामनंही पहिल्या संध्याकाळी ताट चाटूनपुसून साफ केलं. आणि हात धुवेपर्यंत त्याचे ओठ सुजले! अंगभर गांधी उठल्या, घसा आवळायला लागला. वस्ताद धावत आले. त्यांनी त्याला रिक्षात कोंबलं आणि थेट दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन देऊन त्याला सावरलं, मग सगळ्या तपासण्या केल्या आणि सांगितलं, "याला सोयाबीनची ॲलर्जी आहे. मटकी, मूग खुशाल द्या. पण सोयाबीनचा एक दाणासुद्धा पोटात जाता कामा नये."

गडी तालमीत परतला तर स्वागत काय झालं? "आला रे आला! दाण्यानं चितपट केलेला पैलवान आला!" हे ओरडणारा शिवतेज. जोतिरामच्या जोडीचा, बुटका, चपळ आणि भयंकर तोंडाळ. सगळे खो खो हसले. जोतिरामही हसला. पण त्याच्या डोक्यात एकच घुमत होतं. वेगळं ताट मागणारा टिकत नाही! मग तो दूध, केळी आणि भाकरीवर दिवस ढकलायला लागला. उसळीची पंगत बसली की म्हणायचा, "भूक न्हाई." एवढा धिप्पाड माणूस, भूक नाही म्हणतोय! कोणाला पटणार?

आणि मग त्यानं असली चूक केली की ती फक्त पैलवानच करू जाणे. समोर उभा राहील त्याला रोज थोडं थोडं दमवायचं आणि एक दिवस पाडायचं, एवढंच बिचाऱ्याला ठाऊक. सोयाबीनशीही त्यानं कुस्तीच धरली! आज एक दाणा, उद्या दोन, हळूहळू अंगवळणी पडेल. गुपचूप स्वयंपाकघरात गेला, पातेल्यातला एक दाणा चिमटीत धरला, तोंडाशी नेला... आणि मनगटावर पकड पडली. मागे वस्ताद!

"टाक तो."

"वस्ताद, पचवून दाखवतो."

"तो काय जोडीदार हाय व्हय रं, डाव टाकून पाडायला? खुळ्या, जीव जाईल! टाक म्हणतो ना. आणि हात धू. साबणानं."

हे सगळं शिवतेजनं दारातून बघितलं, आणि त्याचा चेहराच उतरला. आपल्या थट्टेपायी हा गडी जिवावर उदार झाला की! तो धावत बाहेर गेला आणि सगळ्यांना गोळा केलं. "आपल्या जोत्याच्या जिवावर उठलेलं विष तालमीत कशाला ठेवायचं? चला, ओढ्यात टाकू!" झालं! सगळे कोठीत घुसले, भरलेलं पोतं ओढत अंगणात आणलं.

तेवढ्यात वस्ताद आले. आणि त्यांनी काय करावं? ते सरळ जाऊन त्या पोत्यावर बसले. मांडी घालून!

"वस्ताद, उठा की! विष हाय त्यात!"

"असू दे. माझ्याखाली हाय न्हवं? ताकद असंल तर उठवा मला."

दोघांनी हात घातले, चौघांनी जोर लावला. म्हातारा तसूभर हलला नाही, वर तंबाखू मळत बसला. शेवटी सगळे हसत, धापा टाकत बाजूला झाले.

जोतिरामला मात्र हसू आलं नाही. तो खिडकीतून बघत होता. म्हणजे वस्तादांना आपल्यापेक्षा पोतं प्यारं! त्यानं लंगोट, टॉवेल पिशवीत कोंबला आणि बाहेर येऊन वस्तादांच्या पायांवर डोकं ठेवलं. "निघतो मी."

वस्तादांनी त्याच्याकडे नीट बघितलं. "जेवून जा," म्हणाले.

आत चुलीवर त्या दिवशी दोन पातेली होती. एकात सोयाबीन, दुसऱ्यात मटकी. मटकीचं पातेलं नवंकोरं, वस्तादांनी बाजारातून आणलेलं. शिवतेज वाढायला उभा राहिला. जोत्याला खूश करायच्या घाईत त्यानं वाढायच्या डावानं सोयाबीन ढवळलं आणि तोच डाव घातला मटकीत.

"थांब!"

असा आवाज आला की शिवतेजच्या हातातला डाव खालीच पडला. वस्तादांनी मटकीचं अख्खं पातेलं उचललं आणि सोयाबीनच्या पातेल्यात ओतून टाकलं. मग स्वतः नळाखाली बसून ते पातेलं साबणानं खसाखसा घासलं, धुतलं, पुन्हा घासलं. वेगळा डाव घेतला, त्याच्या दांड्याला लाल दोरा बांधला आणि उरलेली मोड आलेली मटकी नव्यानं शिजत घातली. सगळी पंगत ताटं पुढं घेऊन टकामका बघतेय!

शिवतेजला राहवेना. "वस्ताद, मगाशी त्या पोत्यात सोनं असल्यागत त्यावर बसला होता. आणि आता नुसता डाव लागला तर पातेलं उलथं केलंसा. सोयाबीन अमृत हाय का विष, एकदाच काय ते सांगा. पोटात कावळे वरडाय लागलेत!"

वस्ताद हसले. "शिव्या, तुला मी खाली बसून समोरच्याचा पाय खेचायला, पट काढायला शिकवला का न्हाई?"

"शिकवला की. माझा हुकमी डाव हाय तो."

"जोत्याला शिकवला?"

"न्हाई. त्याचा गुडघा पूर्वी मोडलाय. एवढं खाली बसला तर पुन्हा जाईल."

"मग पट वाईट डाव झाला?"

"असं कसं!"

"जोत्या कच्चा पैलवान झाला?"

"छे! मलाच उचलून आपटतोय रोज."

"मग? हा दाणा तुम्हाला मटणागत लागू पडतोय. तुमच्या मांड्या भरल्यात त्याच्यावर. तो कशाला टाकायचा? म्हणून मी पोत्यावर बसलो. पण जोत्याचं अंग त्याच दाण्याला वैरी समजतंय, बघताक्षणी लढाय उठतंय, आणि त्या लढाईत जोत्याच मरंल. तिथं थोडं चालतंय, जरासं लागलं तर काय हुतंय, असलं काही न्हाई. म्हणून पातेलं उलथं केलं. दोन्ही खरंच हाय. एक खरं ठेवाय दुसरं खोटं पाडायचं कारणच काय?"

जोतिराम पिशवी धरून उभाच होता. हळूच म्हणाला, "पण वस्ताद, आपली पद्धत... भांडं एक, पंगत एक."

"ती पद्धत माझ्या वस्तादांनी घातली. कुणी उपाशी राहू नये म्हणून. तिच्यापायी माझाच गडी उपाशी राहणार असंल, तर आजपासनं भांडी दोन." मग पंगतीकडं बोट करून म्हणाले, "पंगत एकच. ठेव ती पिशवी आणि बस."

जोतिराम बसला. आणि काय जेवला! लाल दोऱ्याचा डाव पातेल्याच्या तळाला खणखणला तेव्हा कुठं थांबला. शेजारी बसायला आलेला शिवतेज आधी कोपरापर्यंत हात धुऊन आला होता.

पुढं एकदा एक बाई लेकीला घेऊन तालमीत आल्या. लेकीला कुस्ती शिकायची होती. जोतिराम तेव्हा मटकी निवडत बसला होता. बाईंनी त्यालाच विचारलं, "पैलवान, सोयाबीन चांगलं असतंय का वो? कोण म्हणतंय ताकदीचं, कोण म्हणतंय बाधतं."

"कुणाला, मावशी?" जोतिरामनं विचारलं. बाई लेकीकडं बघायला लागल्या. मग तो पोरीकडं वळला. "काय गं, काही खाल्लं की तुला तोंडाला, अंगाला त्रास होतो का?"

"वांगं!" पोरगी क्षणात म्हणाली. "वांगं खाल्लं की ओठ चुरचुरतात अन् जीभ जड होते."

"अगं बया!" आईनं तोंडावर हात ठेवला. "मला वाटायचं नखरं करतीस! बळंच खाऊ घालायची की गं मी."

"आता नका घालू. आधी डॉक्टरीणबाईंना दाखवू," जोतिराम म्हणाला, आणि पोरीला बसायला त्यानं आपल्या शेजारी जागा केली.