नळीबाई आणि हमाल

फार फार पूर्वी, माणसाचा पत्ताही नव्हता तेव्हा, डबक्यातल्या एका इवल्याशा पेशीत एक हमाल राहायचा. पेशीभर पसरलेल्या एका लांब नळीच्या, नळीबाईच्या, पाठीवरून चालत तो अन्नाची बोचकी पोचवायचा. नळीबाई म्हणजे पेशीचा कणाच. पण टोकाकडून तुकड्यातुकड्याने सारखी सुटायची आणि पुन्हा जुळायची.

"आत्याबाई, एकदा तरी धड राहा ना!" हमाल कुरकुरला.

त्याच्या मायेपोटी ती घट्ट राहिली.

मग एका पेशीच्या दोन व्हायची वेळ आली. नळीबाईचे तुकडे सुटल्याशिवाय पेशीतलं सामान दोन्हीकडे ओढणारे वाटणीचे दोर विणायचे कशाचे? पेशी तटतटून फुगली, फाटायला आली.

"सुटा हो आत्याबाई," हमाल रडवेला होऊन म्हणाला.

ती हसत हसत विखुरली. तिच्याच तुकड्यांचे दोर झाले, एका घराची दोन घरं झाली. नव्या घरात हमाल बोचकं घेऊन एकटाच उभा राहिला. तेवढ्यात पायाखाली तुकड्याला तुकडा जुळू लागला.

"चढ रे बाळा," आवाज ओळखीचा होता.

टोकाचा एक तुकडा लगेच निसटलाच. हमालाने तो हळूच उचलून तिच्यापाशी ठेवला.