दादासाहेबांचं हरवलेलं मत

"दादासाहेबांच्या घरातलंच मत फु..."

एवढंच अनसाकाकीच्या कानावर पडलं आणि गिरणीचा पट्टा फिरायला लागला. पुढचं सगळं घरघराटात गेलं. बोलणारी बाई पिठाचा डबा डोक्यावर घेऊन निघूनही गेली, आणि काकीचा जीव अर्ध्या वाक्याला लोंबकळत राहिला.

उरलेलं वाक्य गावानं संध्याकाळपर्यंत स्वतःच पुरं केलं. दादासाहेबांच्या घरातलंच मत फुटलं म्हणे! आणि ते फोडलं कुणी? तर खुद्द अनसा कासारणीनं. बांगड्या भरायच्या निमित्तानं तीच एक बाहेरची बाई थेट त्यांच्या स्वयंपाकघरात जाते, मग बायकांचे कान दुसरं कोण भरणार?

आता दादासाहेब ढमाले म्हणजे निंबखेडचं मोठं प्रस्थ. सरपंचपदाला उभे राहिले आणि पोल्ट्रीवाल्या सर्जेरावाकडून एका मतानं पडले. पडले ते पडले, पण कबूल करतील तर शपथ. तालुक्याला जाऊन फेरमोजणी मागितली. पूर्वी मतपत्रिकांचे गठ्ठे सुटायचे, चष्मे पुसले जायचे, फेरमोजणीला काहीतरी रंगत असायची. इथं साहेबानं मशीनचं बटण दाबलं, आकडा तोच आला. परत दाबा म्हणाले, परत तोच. शेवटी साहेबच म्हणाला, की बटण झिजेल, पण आकडा हलायचा नाही.

मशीनवरचा हा सगळा राग अफवेबरोबर काकीवर घसरला. एस. टी. स्टँडसमोर दादासाहेबांच्याच गाळ्यात तिचं बांगड्यांचं दुकान. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर दाराला कुलूप. लग्नसराई तोंडावर, मालाचे सगळे डबे आत. ह्या वयात नवा गाळा कुठं शोधायचा? तशीच ती दादासाहेबांच्या पडवीत जाऊन उभी राहिली.

दादासाहेब झोपाळ्यावर होते. समोर त्यांचे कार्यकर्ते चहा ओरपत बसलेले.

"माझं काय चुकलं, दादासाहेब?"

"ते तूच सांग," ते म्हणाले. "मशीन सील होऊन तालुक्याच्या कपाटात गेलंय. ते न उघडता माझं गेलेलं मत हुडकून दे. उद्या दुपारपर्यंत. नाही जमलं तर डबे उचल आणि दुसरं गाव बघ."

कार्यकर्ते फिदीफिदी हसले. साहेबलोकांना जे जमलं नाही ते ही बांगडीवाली करणार, असं त्यांच्यातला पुढारी भाऊसाहेब मोठ्यानंच म्हणाला.

काकीचे डोळे भरून आले होते. पण मतदान उरकल्यावर, परवाच ह्याच घरात सासू-सुनेला तिनं बांगड्या भरल्या होत्या. ते दोन हात तिला आठवले आणि डोळ्यांतलं पाणी तिथल्या तिथं आटलं.

"उद्या कशाला? आत्ताच हुडकते," ती म्हणाली. "घरातल्या सगळ्यांना फक्त इथं बोलवा. चुलीपुढच्यांनासुद्धा."

कुणी कुणाला मत दिलं हे विचारायला बंदी आहे, असं भाऊसाहेबानं बजावलं.

"ते विचारणारी मी कोण, बाबा? मी कासारीण. मी नुसते हात बघणार."

झालं, पडवीत घर गोळा झालं. काकीनं सगळ्यांना डावा हात पुढं करायला लावला. दादासाहेबांनी शाईचं बोट ऐटीत नाचवलं. त्याचा फोटो अख्ख्या गावाच्या मोबाईलवर फिरला होता. भावांची बोटं झाली, मुलांची झाली. नुसत्या मतदानासाठी पुण्याहून आणलेल्या पुतण्याचंही बोट काळं निघालं. शेवटी मालकीणबाई हौसाबाई आल्या, मागं सून केतकी. दोघींचे हात भाकरीच्या पिठानं माखलेले, आणि डावा हात पदराखाली.

काकीनं तांब्या उचलला. "हात धुवा, वहिनी. पीठ जाईल, शाई काय जायची नाही."

पीठ गेलं. खाली शाईचा ठिपका नाही. केतकीचंही बोट कोरं करकरीत.

झोपाळा थांबला. "अगं, तू मतच दिलं नाहीस?"

"सकाळी निघाले होते की," हौसाबाई म्हणाल्या. "तुम्हीच म्हणालात, कार्यकर्ते उपाशी आहेत, आधी भाकरी बघ, घरचं मत कुठं पळून जातंय! दुपारी सुनेला घेऊन निघाले, तर दुसरी पंगत येऊन बसली. शेवटची भाकरी तव्यावरनं उतरली तेव्हा शाळेचं दार बंद झालं होतं."

"मग तेव्हाच सांगायचं नाही का?"

"तुम्ही मशीनला शिव्या देत होतात. म्हटलं, त्याच्यावर भागतंय तर भागू दे."

दादासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. एका मतानं पडलो आणि दोन मतं घरातच! हा हिशेब त्यांना जरा जड गेला.

"म्हणजे लोक म्हणतात ते खरंच म्हणायचं," ते पुटपुटले.

"निम्मं खरं, दादासाहेब," काकी म्हणाली. "तुमच्याच घरातली मतं गेली, एवढं खरं. पण फुटली नाहीत हो. त्यांच्या भाकऱ्या झाल्या, आणि त्या ह्या तुमच्या भाऊसाहेबांनी पिठल्याबरोबर खाल्ल्या."

आधी केतकीला हसू फुटलं, मग पुतण्याला. आणि मग दादासाहेब असे हसले, असे हसले, की झोपाळ्याच्या कड्या कुरकुरायला लागल्या. भाऊसाहेबानं चहाची बशी तोंडापुढं धरली, ती काही खाली घेईना.

दादासाहेबांनी गाळ्याची किल्ली काढून काकीच्या हातावर ठेवली. ती हयात आहे तोवर त्या गाळ्याला कुणी हात लावायचा नाही, असं सगळ्यांदेखत सांगितलं. वर सासू-सुनेचे हात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्यांनी भर, म्हणाले, पैसे माझ्याकडून.

काकी माल आणायला निघाली, तेवढ्यात पुतण्यानं विचारलं, मग आज भाकऱ्या कोण थापणार?

हौसाबाईंनी भाऊसाहेबाकडं बोट दाखवलं. तेच, कोरं.