वरल्या

त्या कडेला जाऊ नका, मागं सरका. कातळात मनगटाएवढी खोल खाच दिसते ना, ती दोरानं पडलीय. खाली टपरीवर मी आणि तो दुसरा म्हातारा एकमेकांना ‘वरल्या’ म्हणून शिव्या देत होतो आणि तुम्ही फिदीफिदी हसलात. तो शब्द याच खाचेतून आला. तुमच्याकडं दिसेल त्याला जिगरी, भिडू, भावा. मघाशी हा चष्मेवाला त्याला जिगरी म्हणाला, आणि चढावर पाण्याची बाटली काही दिली नाही! आमच्या वाडीत उभ्या जन्मात माणसाला वरल्या एकच.

फार मागची गोष्ट सांगतात. या कड्याला तेव्हाही आग्या मोहोळं लागायची आणि देवीच्या नैवेद्याचा मध इथूनच निघायचा. एकानं दोराला लटकून खाली जायचं, एकानं वर दोर धरायचा. धरणारा बायकोचा भाऊच. सख्ख्या बहिणीचं कुंकू कोण पुसेल? आणि कड्यावर नाव घ्यायचं नाही. घेतलेलं नाव कडा ठेवून घेतो म्हणे. म्हणून खालच्यानं हाक मारायची ती ‘वरल्या’ अशी.

कान्हू दोर धरायचा, त्याचा मेहुणा हैबती खाली उतरायचा. त्या वर्षी कान्हूची बहीण साळू बाळंतपणात गेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण भातकापणी चालू होती म्हणून हैबतीनं तिला धाडलं नाही. कान्हू तीनदा हात जोडून आला, तीनदा रिकामा परत गेला. चौथ्यांदा गेला तो तिला खांदा द्यायला. पोर तेवढी वाचली. तिलाही हैबतीनं मामाच्या दारी पाठवलं नाही.

जत्रा आली. गाव म्हणालं, यंदा दुसरा कुणी धरू दे. हैबतीच अडून बसला, “रीत ती रीत. माझा मेहुणाच धरेल.” कान्हूनं मान डोलावली. त्याच्या मनात काय होतं ते शेंबड्या पोरालाही कळत होतं. कुंकू उरलंच नव्हतं, तर पुसायचं काय?

हैबती मोहोळापाशी पोचला, धुरासाठी पेटती चूड वर धरली आणि वारा फिरला. धूर भलतीकडं गेला, माश्या उठल्या. खालच्याला डसल्या, तशा वर येऊन कान्हूच्या डोळ्यांना, मानेला, हातांना डसल्या. आता दोर सोडला असता तरी गाव एका शब्दानं बोललं नसतं. कान्हूनं मुठी सैल केल्याही. दोर वीतभर घसरला.

खालून हाक आली, “वरल्या, सोड! तुझा हक्कच आहे!”

झालं! कान्हूचं डोकं फिरलं. “तू सांगशील तेव्हा सोडायचं होय रे? मी तीनदा हात जोडले, तेव्हा माझं ऐकलंस? आता मी तुझं ऐकत नसतो, जा! ये वर, मग बघतो तुला!”

आणि त्यानं दोर ओढला. हैबती कातळाला पाय देत चढत राहिला, कान्हू दोर अंगाला वेटाळत गेला. हात सोलून निघाले, डोळे सुजून मिटले. हैबती काठावर आला तेव्हा कान्हूनं चाचपडत त्याचं तोंड शोधलं आणि सणसणीत चपराक हाणली. “ही माझ्या बहिणीची. आता पोरीला माझ्या घरी आण.”

हैबतीनं गालही चोळला नाही म्हणे. त्याच पावली जाऊन पोर आणली. कान्हूला दिसत नव्हतं. सोललेली बोटं तिच्या तोंडावरून फिरवली आणि तो ढसाढसा रडला.

पुढं गोडीगुलाबी झाली असेल असं वाटलं ना तुम्हाला? डोंबल! मरेपर्यंत दोघं एकमेकांच्या घरचं पाणी प्याले नाहीत. पण दर जत्रेला हैबती खाली आणि कान्हू वर. दुसऱ्या कुणाच्या हाती हैबतीनं दोर दिला नाही.

आजही दुसऱ्या गावांत लग्नात नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो, आमच्याकडं चपराक मारतो. खरीखुरी. नवऱ्यानं तोंड फिरवायचं नाही. दोराचं टोक त्याच्या हातात द्यायचं आणि म्हणायचं, “धर, वरल्या.” मला इतकी बसली की डाव्या कानानं अजून कमी ऐकू येतं. मारणारा तोच, टपरीवरचा. त्याची बहीण जाऊन नऊ वर्षं झाली, आणि ती माझ्यामुळं गेली असं तो चारचौघांत सांगतो. आता उतरताना कड्याच्या त्या टोकाला बघा. मी वर निघालो की तोही टपरीवरून मागोमाग चढतो, आणि मी खाली पोचेपर्यंत तिथंच उभा असतो.