बंद कप्पे

माणसाने अजून मध चाखला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. एका हिरड्याच्या ढोलीत मधमाश्यांचं मोठं पोळं होतं. मधाने भरलेला कप्पा मेणाने बंद करायचा आणि पावसाळ्यात रानातली फुलं संपली की उघडायचा, अशी तिथली रीत होती.

कारभारीण रंभाबाईने राणीला शब्द दिला होता की यंदा दुप्पट कप्पे भरतील. फुलं कमी आली, तरी बंद कप्पे दुप्पट झाले. त्या भरवशावर राणीने अंडीही दुप्पट घातली.

तपासणीला तीन म्हाताऱ्या माश्या आल्या. रंभाबाईने आधी त्यांना पोटभर मध चाटवला. मग त्या झाकणांवरून फिरल्या आणि म्हणाल्या, "छान. सगळं भरलंय."

"एखादा उघडून बघा ना, आत्याबाई," पिल्लांना भरवणारी पिंगळी नावाची तरुण माशी म्हणाली.

"आमच्या वेळी मोठ्यांवर विश्वास ठेवायचे," थोरली म्हातारी म्हणाली.

"तुमची पिल्लं जगली. माझी जगायचीत. रानात थोडी फुलं अजून आहेत, आज कळलं तर काही करता येईल."

रंभाबाई आडवी आली. "पोळ्याची अब्रू घालवतेस?"

पिंगळीने तिच्या पायाजवळचंच झाकण फोडलं. कप्पा कोरडा होता.

माश्या भोवती गोळा झाल्या. थोरलीने आत वाकून पाहिलं आणि हळूच म्हणाली, "मेण आणा. पटकन बंद करा हे."

पिंगळीने शेजारचं झाकण फोडलं. तो कप्पाही कोरडा.

मेण आणायला कुणीच गेलं नाही. माश्या घाईने उरल्यासुरल्या फुलांकडे निघाल्या, आणि वाटेत उभ्या म्हाताऱ्यांना बाजूला सरावं लागलं.